मॅडमनी धपाटे परत केले

"तुमचं हृदय ठणठणीत आहे," असं डॉक्टर म्हणाले तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. झालं उलटंच. ईसीजी झाला, टू-डी इको झाली, थायरॉइडसाठी रक्त दिलं, सगळं नॉर्मल. मग छातीत धडधडत होतं ते काय होतं?

डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला सारले. "मध्यंतरी काही घडलं होतं का?" मी नाही म्हणाले. शेजारी बसलेले आमचे हे म्हणाले, "टँकरचं सांग की."

गेल्या दुष्काळात पडेगावच्या आमच्या नव्या वसाहतीत घरं आली होती, नळ यायचा होता. टँकर आला की सगळे हंडे घेऊन धावायचे. एका दुपारी ड्रायव्हरनं टँकर मागं घेतला आणि मी टँकर आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये सापडले. थांबा, थांबा म्हणून ओरडले. टँकर मागं येतच राहिला. बायका पाइपासाठी भांडतच राहिल्या. शेवटी कुणाच्या तरी लक्षात आलं.

बरगड्या जुळल्या. पण कुठलंही वाहन मागं येताना वाजायला लागलं की हातपाय गार पडायचे. मी तिसरीच्या वर्गाची शिक्षिका. शाळेच्या आवारात रोज बस मागं घेतात. रजेवर रजा चालली होती आणि पुढच्या सत्रात येणार की नाही, हे मुख्याध्यापिकांना सांगायचं होतं.

डॉक्टरांनी नाव सांगितलं, पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर. म्हणजे प्रसंग संपतो, पण तो संपल्याचं शरीराला कळत नाही. मला वाटलं, वेड लागलं हे सभ्य भाषेत सांगतायत. त्यांनी शहरातल्या छावणी भागातल्या एका समुपदेशक मॅडमचा पत्ता दिला.

मॅडम माझ्या भाचीच्या वयाच्या निघाल्या. मी सगळं एका दमात सांगायची तयारी करून गेले होते. त्यांनी आधी करार काढला. दिवस आणि वेळ ठरलेली. बोलणं खोलीबाहेर जाणार नाही, यजमानांनी विचारलं तरी नाही. जिवाला धोका असेल तेवढाच अपवाद. रस्त्यात भेटलो तर त्या आधी ओळख दाखवणार नाहीत, मी दाखवली तर बोलतील. विचारल्याशिवाय अंगाला हात लावणार नाहीत. आणि बोलता बोलता नकोसं झालं तर मी 'थांबा' म्हणायचं, नाहीतर नुसता हात वर करायचा.

हात वर? माझ्या वर्गात पोरं शू लागली की हात वर करतात.

मग मॅडमनी विचारलं, "दार उघडं ठेवू की लावून घेऊ?"

"तुम्ही म्हणाल तसं."

"तुम्हाला कसं बरं वाटेल?"

मला रागच आला. गोळी जेवणाआधी की नंतर, हेसुद्धा डॉक्टर सांगतात. इथं दाराचा निर्णय पेशंटनं घ्यायचा. घरी जाऊबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "करार कशाचा गं? घर भाड्यानं देती व्हय? लई डोकं नको लावू. पाणी भरायला ये, आपोआप जातंय मनातलं."

पुढच्या भेटींत मॅडम थोडं विचारायच्या आणि म्हणायच्या, "पुढं जाऊ या?" मी हो म्हणायची. डोकं गरगरत असलं तरी हो. समोरचं माणूस आपल्यासाठी वेळ काढतंय, त्याला नाही कसं म्हणायचं? घरी आले की अंथरूण धरायची. एकदा त्या म्हणाल्या, "तुम्ही हो म्हणता, तेव्हा तुमचे हात खुर्ची घट्ट धरतात." मी हात उचलून मांडीवर ठेवले. दुसरं काय करणार?

त्यानंतरच्या वेळी मी धपाटे करून नेले. लसणाची चटणी, दही, सगळं. मॅडमनी डबा उघडून वास घेतला, हसल्या आणि माझ्याकडं सरकवला. "तुम्ही आणलंत याचा आनंद आहे. पण मी घेणार नाही."

आमच्याकडं पुढ्यातलं अन्न परत करणं म्हणजे तोंडावर दार आपटणं. माझे डोळे भरून आले. बाहेर झाडाखाली हे थांबले होते, तिथं बसून आम्ही दोघांनीच ते संपवले. हे म्हणाले, "लई कडक बाई दिसती. नसल जायचं तर नको जाऊ."

तरी गेले. खरं सांगायचं तर मॅडमचं तोंड कसं झालंय ते बघायला गेले. तोंडाला काहीच झालं नव्हतं. पाणी दिलं, दाराचं विचारलं. आमच्या घराण्यात एका नकारापायी दिवाळीचं येणंजाणं बंद पडतं, आणि इथं तर काहीच बिघडलं नव्हतं. मी विचारलंच, का नाही घेतलं?

"घेतलं असतं तर माझ्यावर चिडणं तुम्हाला जड गेलं असतं," त्या म्हणाल्या. "इथं तुम्हाला माझ्यावर चिडता यायला हवं."

हे मला तेव्हा समजलं नाही. आजही पुरतं समजलंय असं नाही. पण त्या दिवशी मी म्हणाले, "दार लावून घ्या." एवढं म्हणायलाही घाम फुटला.

आता मी शाळेत जाते. बस मागं यायला लागली की अजून छाती धडधडते, मी वर्गात जाऊन उभी राहते, थोड्या वेळानं उतरतं. टँकरला मात्र जात नाही. तुमच्यावर अशी वेळ आली तर तुम्हालाही ते करार, ते प्रश्न विचित्र वाटतील. वाटू द्या. मला त्यांचा उपयोग ज्या दिवशी झाला, तेवढा दिवस सांगते.

मॅडम त्या दुपारबद्दल विचारत होत्या. "भिंत पाठीला लागली तेव्हा तुम्ही..." आणि मी म्हणाले, "थांबा." आवाज फुटलाच नाही, नुसते ओठ हलल्यासारखं झालं.

त्या थांबल्या. वाक्यही पुरं केलं नाही. का, ते विचारलं नाही. शांत बसून राहिल्या आणि मी हमसून रडले.

इतके महिने मी मनात स्वतःला बोल लावत होते, की तू जोरात ओरडली नाहीस. आणि इथं नुसतं पुटपुटले, तरी समोरचं माणूस थांबलं होतं. भिंतीपाशी माझा आवाज कमी पडला नव्हता.