पोटावरचा स्वेटर

वजन उतरवायला उन्हाळी शिबिरात धाडलेल्या मुलांचा तो सिनेमा होता. विनोदी, आणि सहकुटुंब बघण्यासारखा म्हणे! पडद्यावर एक गुबगुबीत पोरगा वजनकाट्यावर चढला, काटा गरगरला, मागे पिपाणी वाजली आणि अख्खं थिएटर खिदळलं. यापलीकडे काही सुचतच नाही या सिनेमावाल्यांना.

माझ्या पुढच्या रांगेत, जरा तिरकी, दहाएक वर्षांची एक जाडसर मुलगी आईवडिलांच्या मध्ये बसली होती. ती सगळ्यांच्या आधी हसायची. आपणच आधी हसलं की दुसऱ्यांचं हसणं कमी लागतं, ही अक्कल तिला "कुठल्या चक्कीचं पीठ खातेस गं?" विचारणाऱ्या मामा-काकांनीच दिली असणार.

मध्यंतरात वडिलांनी पॉपकॉर्न आणले. तिने हात पुढे केला, तर आई म्हणाली, "तुला नको हं. बघतेयस ना सिनेमा?" आणि स्वतः मूठभर तोंडात टाकले.

शेवटी पोरगा बारीक झाला, तेव्हा कुठे पडद्यावरच्या आईबापांनी त्याला मिठी मारली. लोकांनी डोळे पुसले. निर्लज्ज मेले!

दिवे लागले. "मज्जा आली ना?" वडिलांनी विचारलं.

"खूप," ती म्हणाली.

एसीसाठी आणलेला स्वेटर तिने सिनेमाभर पोटावर धरला होता. बाहेर मे महिन्याच्या उन्हातही तो तिने तसाच धरून ठेवला.