इथे पोतच नाही

पुनावळ्यात सासऱ्यांच्या रानावर आमची सोसायटी उभी आहे. बदल्यात आम्हाला फ्लॅट मिळाले आणि सासऱ्यांना दिवसभर बसायला गेटजवळचा बाक. त्या बाकासमोरच्या पट्ट्यात बाग करायचं काम कमिटीने माझ्या गळ्यात मारलं, कारण मी बागेचा ऑनलाइन कोर्स केला होता.

कोर्समधल्या बाईंनी बजावलं होतं, फुलांच्या मागे लागू नका, ती चार दिवसांची. बाग पानांच्या पोतावर उभी राहते. रुंद पानाशेजारी बारीक, चकचकीत पानाशेजारी लवदार, ठिपक्यांशेजारी साधं. ऐकताना सगळं पटलं. रहाटणीच्या नर्सरीत उभी राहिले आणि डोक्याचा पार भुगा झाला. एका क्रोटनवर ठिपके, दुसऱ्यावर रेघा, तिसऱ्यावर दोन्ही. आता त्याला कशात धरायचं? अळू घेतलं, शतावरी घेतली, पानओवा घेतला, आणि लावून झाल्यावर पट्टा मंडईतल्या पालेभाजीच्या ढिगासारखा दिसायला लागला. नजर कुठे ठेवावी तेच उमगेना.

संध्याकाळी नवरा चाकणहून शिफ्ट संपवून आला. मी वैतागून त्याला म्हणाले, "काहीतरी चुकतंय बघ. इथे पोतच नाही." बाकावरचे सासरे उठले आणि तडक वर गेले.

त्यानंतर ते खाली येईनातच. मला काही सुधरेना. अळूचा राग आला असेल म्हणून अळू मागच्या रांगेत नेलं. मग वाटलं, बाकाला माझ्या हाताचा चिखल लागला असेल, म्हणून बाक धुतला. शेवटी सासूबाईच करवादल्या, "अगं, त्यांच्या रानाला पोत न्हाई म्हन्लीस तू! साऱ्या गावात त्या रानाचं नाव व्हतं."

मी कपाळावर हात मारला. पानाचा पोत आणि जमिनीचा पोत! कोर्समधल्या बाईंना कुठे शेती करायची होती? पानं खुडून मी तशीच वर गेले. सासरे खिडकीशी बसले होते.

"मामा, मी मातीला नव्हते बोलले हो," म्हणत मी पानओव्याचं पान त्यांच्या हातात दिलं, मग क्रोटनचं. "हे लवदार, हे गुळगुळीत. यालाच पोत म्हणतात बागेत."

त्यांनी दोन्ही पानांवरून अंगठा फिरवला. "व्हय, समजलं."

मला हायसं वाटलं. "मग येता ना खाली?"

"पर तू खोटं न्हाई बोललीस, पोरी," ते म्हणाले. "पाया खणताना माझी काळी माती ट्रकात भरून नेली त्यांनी. आता हाय तो निस्ता भराव. त्यात कसला आलाय पोत? मी रोज त्याच्याम्होरंच बसायचो, पर कुनी तोंडानं म्हन्लं नव्हतं."

मी माफी मागायला गेले होते. आता नेमकी कशाची मागायची ते कळेना. रडू मात्र आलं.