वस्तादचं नाक

पाच लिटरचा तिळाच्या तेलाचा कॅन खांद्यावर आणि दोन्ही हातांत दोन फुगलेल्या पिशव्या घेऊन वस्ताद तीन जिने चढून वर आला. बायकोने दार उघडलं, पण बाजूला काही झाली नाही. तिने आधी कॅनकडे बघितलं, मग मागे वळून आपल्या वीतभर स्वयंपाकघराकडे.

"हे कुठे निजवायचं? तुमच्या नि माझ्या मधे?"

"शेगडीच्या वरच्या फळीवर. तेल हाताशी पाहिजे."

"अहो, माणसं तीन आपण. नाकापेक्षा मोती जड झाला हा."

"मला किरकोळीत घेता येत नाही," वस्ताद म्हणाला आणि तिच्या बगलेतून आत शिरला.

ते खरंच होतं. अठ्ठावीस वर्षं त्याने हॉटेलाच्या भट्टीसमोर काढली होती. नूडल्स, वाफवलेला मासा, लालभडक तिखट कोंबडी, असं पूर्वेकडच्या देशांचं खाणं मिळणारं ते हॉटेल. अकराव्या वर्षी तिथे लसूण सोलायला लागला तो चढत चढत मोठ्या कढईपाशी पोचला, आणि मग आईबापांनी ठेवलेलं नाव फक्त सरकारी कागदांवर उरलं. सगळे वस्तादच म्हणायचे. हॉटेलात माल यायचा तो कॅननेच. सोया सॉस, व्हिनेगर, तेल, काय वाटेल ते. छोटी बाटली कुठे मिळते हेच त्याला माहीत नव्हतं. घाऊक व्यापाऱ्याकडे गेला, "नेहमीचंच" म्हणाला, आणि व्यापाऱ्याने नेहमीचंच दिलं.

घरात त्याने कधी चमचा ढवळला नव्हता. दिवसभर शंभर लोकांना घालून दमलेला माणूस घरी येऊन बायकोच्या हातची पातळ आमटी भुरकायचा आणि "बरं वाटलं" म्हणायचा. बायकोला आणि पोरीला त्याने हॉटेलातही कधी नेलं नाही. "मी आत घाम गाळणार आणि तुम्ही बाहेर रुमाल पसरून बसणार? मला नाही बघवायचं." तेव्हा त्याच्या हाताची चव सगळ्या गावाला ठाऊक, घरच्या दोघींना नाही.

आता हे दुकान घरात भरायची वेळ आली ती तापामुळे. ताप साधा होता. आठ दिवसांनी उतरला, वस्ताद कामावर गेला. तिसऱ्या दिवशी त्याच्या डोळ्यांदेखत कढईतला लसूण जळून कोळसा झाला. धुराने डोळे चुरचुरले तेव्हा त्याला कळलं. पाचव्या दिवशी त्याने उतरलेला मासा वाफेला लावला. शेजारच्या भट्टीवाल्याने नाकाला फडकं लावून तो मुकाट्याने कचऱ्यात टाकला. तेवढं पुरे झालं. मालक वयाने लहान, बापाच्या जागी बसलेला. लहानपणी शाळेतून आला की भटारखान्याच्या पायरीवर बसून वस्तादच्या हातच्या नूडल्स खायचा. त्याने वस्तादला बाजूला घेतलं.

"सहा महिने घ्या, वस्ताद. जागा तुमचीच. नाक आलं की या."

"आणि नाही आलं तर?"

"येईल हो," मालक म्हणाला आणि फोन वाजला नसतानाही फोनकडे बघत बसला.

डॉक्टरने सांगितलं की रोज दोन वेळा त्याच त्या वस्तूंचा वास घ्यायचा, नाकाला आठवण करून द्यायची. कुणाचं महिन्यात येतं, कुणाचं वर्षाने. "आणि कुणाचं?" असं वस्तादने विचारलं तेव्हा डॉक्टरने पुढच्या पेशंटला हाक मारली.

म्हणून ती फळी. भंगारवाल्याकडून एकसारख्या बारा बाटल्या आणल्या, उकळून वाळवल्या, आणि वस्ताद मांडी घालून नरसाळं लावून बसला. पातळ सोया सॉस, मुरलेला दाट सोया सॉस, तांदळाचं व्हिनेगर, काळं व्हिनेगर. कालवांचा सॉस बाटलीत उतरायला अर्धा तास लागला. मासे मिठात मुरवून काढलेलं तांबूस पाणी ओतताना बायको पदर नाकाला लावून गॅलरीत जाऊन उभी राहिली.

"कुणी मेलंय का घरात?" तिथून तिने विचारलं.

"उग्र आहे का फार?" वस्तादने मोठ्या आशेने विचारलं.

"तुम्ही नशीबवान," ती म्हणाली, आणि म्हटल्या म्हटल्या तिने जीभ चावली.

पोरगी औषधांच्या दुकानात कामाला होती. तिने चिठ्ठ्या आणि पेन आणलं. "बाबा, नावं लिहून चिकटवू?"

"औषधं आहेत का ती? नाव वाचून ओळखतो तो वाणी. अख्ख्या भटारखान्यात एका बाटलीवर अक्षर नव्हतं. आणि नावं बघून ओळखायचं तर नाक काय शोभेला ठेवू?"

मग रोज सकाळी कामावर जायच्या आधी पोरगी बापाच्या डोळ्यांवर आपली ओढणी बांधायची. एकेक बाटली उघडून त्याच्या हातात द्यायची, तो ती नाकाखाली धरायचा. पहिले तीन महिने तो फक्त मान हलवायचा. काही नाही. काही नाही. व्हिनेगर तेवढं घशाला टोचायचं. बाकी सगळं जग कापूस झालं होतं. जेवण म्हणजे ओलं फडकं चावणं. खारट, आंबट, गोड एवढंच जिभेला कळायचं. आपल्या अंगाला घामाचा वास येत असेल या धास्तीने तो दिवसातून दोनदा आंघोळ करायचा आणि तरी शर्ट बायकोपुढे धरून विचारायचा, "बघ गं." एकदा शेगडीचा खटका उघडा राहिला. बायको बाजारातून आली तेव्हा घर गॅसने भरलेलं, आणि वस्ताद त्यात निवांत टीव्ही बघत बसलेला. त्या दिवशी तिने सगळ्या खिडक्या उघडल्या आणि जिन्यात जाऊन रडली.

चौथ्या महिन्यात एक गोष्ट घडली. पोरीने बाटली उघडली आणि वस्ताद म्हणाला, "कालवं."

पोरीने बाटली बघितली. "हो!"

दुसऱ्या दिवशी दोन बरोबर आल्या. मग पाच. सहावा महिना लागला तेव्हा बारापैकी दहा, कधी अकरा. तिळाच्या तेलाला तर तो थांबायचा, खोल श्वास घ्यायचा, ओढणीखाली त्याचे ओठ हलायचे. "आला. भाजलेला तीळ. थोडा चटका बसलेला." पोरगी टाळ्या वाजवायची. बायको आतून ओरडायची, "आता बास, नजर लावाल!" पण तिच्याही आवाजात पाणी असायचं.

वस्तादने स्वतः मालकाला फोन केला. "रविवारी दुपारी घरी जेवायला या. माझ्या हातचं. मग ठरवा."

रविवारी त्याने सकाळपासून दोघींना स्वयंपाकघरात फिरकू दिलं नाही. फक्त शेगडीची फर्र, सुरीची टकटक आणि मधेच त्याचं पुटपुटणं, "आता तू ये बाई, आता तू." बाटल्यांशी बोलत होता. हात पूर्वीसारखा चालला होता, माप कधी लागलंच नव्हतं त्याला. मालक आला, सतरंजीवर मांडी घालून बसला. वस्तादने वाफवलेला मासा आणला, आलं आणि कांद्याची पात बारीक चिरून वर पसरलेली. त्यावर सोया सॉस, आणि सगळ्यांच्या देखत तिळाच्या तेलाची धार. चर्र झालं.

वस्तादने डोळे मिटले. "अहाहा. आला बघा. तुमच्या वडलांना हाच वास आवडायचा, मालक."

मालकाने घास घेतला. चावायचा थांबला, मग पुन्हा चावू लागला, पाणी प्याला. दुसरा घास घेताना मासा बोटांनी उगाच इकडून तिकडे सारला. बायको आणि पोरगी खात होत्या. त्यांना काही वावगं वाटत नव्हतं. हॉटेलचं खाणं असंच लागत असेल, असं दोघी मनात धरून चालल्या होत्या.

"कसा झालाय?" वस्तादने विचारलं.

"वस्ताद..." मालक ताटाकडे बघत म्हणाला. "हे तेल कधीचं?"

"तुमच्याकडून निघालो त्याच आठवड्यातलं. ताजंच की."

बोलला आणि त्याचंच वाक्य त्याच्या तोंडावर आपटलं. हॉटेलात कॅन फोडला की चार दिवसांत आडवा. तेल जुनं होतं म्हणजे काय, हे अठ्ठावीस वर्षांत त्याला बघावंच लागलं नव्हतं. इथे तोच कॅन सहा महिने शेगडीवरच्या फळीवर, खाली जाळ, समोर खिडकीतलं उन्ह.

"खवट झालंय?"

मालकाने पाण्याचा पेला उचलला.

"मालक, तुम्ही पायरीवर बसून माझ्या हातचं खाल्लंय. खोटं बोलू नका."

"झालंय, वस्ताद. फार."

वस्ताद पोरीकडे वळला. "तू रोज बाटली उघडत होतीस की गं. तुला कळलं नाही?"

पोरीच्या हातातला घास हातातच राहिला. "बाबा, मी याच्या आधी तिळाचं तेल कधी हुंगलंच नव्हतं. रोज थोडं थोडं... मला वाटलं, तो वास असाच असतो."

"पण मला तर आला!" वस्तादचा आवाज चढला. "आत्ता आला! भाजलेला, स्वच्छ!" मग एकदम उठला. "थांबा. मालक, उठू नका. वाट्या आण गं. बाटल्या नकोत, वाट्या. सगळ्या सारख्या. आतल्या खोलीत भर आणि गुपचूप आणून ठेव."

"अहो, जेवू द्या त्यांना," बायको म्हणाली.

"वाट्या!"

दोघी आत गेल्या. वस्तादने स्वतःच ओढणी करकचून बांधली. पोरीने एकेक वाटी त्याच्या नाकाखाली धरली. टोपण फिरल्याचा आवाज नाही, बाटलीचा जडपणा हाताला कळत नाही, कुठली कुठे ठेवली त्याचा अंदाज नाही. पहिली वाटी बराच वेळ हुंगून तो म्हणाला, "सोया. दाट." ते माशाचं पाणी होतं. दुसरी व्हिनेगर, ती बरोबर. तिसऱ्या वाटीला "कालवं" म्हणाला. त्यात मिरचीची पेस्ट होती. पोरगी काही बोलत नव्हती, आणि तिच्या न बोलण्यावरून त्याला कळत होतं. शेवटची वाटी बायकोने पुढे केली. वस्तादने नाक आत बुडवलं, छाती भरून घेतली, आणि त्याचा चेहरा सैलावला.

"हा. हा घ्या. तीळ. भाजलेला."

बायकोने वाटी मागे घेतली.

"बरोबर ना?"

"पाणी आहे ते," बायको म्हणाली. "नळाचं."

त्याने ओढणी काढली नाही. तशीच मान खाली घालून बसला. बायको त्याच्यासमोर बसून राहिली, वाटी हातात. "कुणीतरी करायलाच पाहिजे होतं," ती मालकाला म्हणाली, जणू त्यानेच जाब विचारला होता. "भट्टीवर उभं राहून माणसांना काय घातलं असतं यांनी?"

मालकाने घसा साफ केला. "वस्ताद, कोठार सांभाळा. भरवशाचं कुणी पाहिजेच आहे मला तिथे."

"कोठारात आलेला माल हुंगून आत घेतात, मालक," ओढणीखालून वस्ताद म्हणाला. "तुमच्या वडलांना मीच शिकवलंय ते."

"मग... दुसरं काही बघू."

"लसूण सोलतो. त्याला नाक लागत नाही."

"वस्ताद, असं नका बोलू."

"सोमवारपासून येऊ?"

मालकाने बायकोकडे बघितलं, तिने पोरीकडे. नको म्हणायला कुणाला तोंड नव्हतं. "या," मालक शेवटी म्हणाला. त्याने ताटातला मासा संपवला. सगळा, काट्यापर्यंत. मग हात धुतले आणि गेला. जिन्यात त्याची पावलं पहिल्या मजल्यावर बराच वेळ थांबली, मग पुढे गेली.

संध्याकाळी बायकोने फळीवरून कॅन उतरवला. अर्ध्याहून जास्त भरलेला होता. मोरीत ओतला तर तुंबेल म्हणून तिने जुन्या बादलीत वर्तमानपत्रांचे बोळे भरले आणि त्यावर तेल सोडायला लागली. कागद पिवळे होऊन खाली बसत होते. वस्ताद दाराच्या चौकटीला टेकून बघत होता.

"येतोय वास?"

"येतोय."

"कसा?"

"आता काय सांगू. वासासारखा."

"नाही, सांग ना. कशासारखा?"

ती थांबली. वासाबद्दल असं कुणी तिला कधी विचारलं नव्हतं. तिने कॅनच्या तोंडाशी नाक नेलं, पुन्हा एकदा हुंगलं. "जुन्या कपाटासारखा. खूप दिवस बंद असलेलं कपाट उघडलं की येतो बघा, तसा."

वस्ताद विचार करत राहिला. कपाळावर आठ्या पडल्या. ओठ हलले, थांबले.

"कपाटाचा कसा असतो?" त्याने विचारलं.

तिने कॅन आणखी तिरका केला.