डाव्या हाताची रायफल

शुक्रवारी पहाटे इंग्लंडमधलं आमचं ब्रॅकनेल सोडलं तेव्हा पर्समध्ये शस्त्रपरवाना होता आणि डोक्यात एकच गोष्ट: या खेपेला स्वतःची रायफल ठरवायचीच, पण दोन-तीन चालवून पाहिल्याशिवाय नाही.

स्कॉटलंडच्या डोंगरांत हरणं इतकी वाढलीत की कोवळी झाडं जगत नाहीत, म्हणून दर हिवाळ्यात काही मारावी लागतात. हे मला पटलेलं आहे. पण गेल्या हिवाळ्यात मी आमच्या वाटाड्या फियोनाच्या रायफलीने एका हाइंडला (तांबड्या हरणाच्या मादीला) पोटात गोळी मारली आणि दुसरी भरेपर्यंत ती वाळक्या झुडपांत शिरली. कुत्र्याला ती सापडायला तास लागला. वेदना होऊ नयेत म्हणून तीस वर्षं माणसांना भूल देणारी मी डॉक्टर. त्या तासाची मला अजून लाज वाटते.

गाडी माझी लेक रिया चालवत होती. इंग्लंडातच जन्मलेली, पक्की शाकाहारी, तरी आईला एकटीला सोडायचं नाही म्हणून आलेली. स्कॉटलंडची हद्द ओलांडली आणि टायर पंक्चर झाला.

“आई, सीरियसली, अजून पण टर्न बॅक करू शकतो आपण.”

“गप गं. जॅक काढ.”

मुक्काम पर्थच्या पुढे एका खेड्यात होता. सकाळी टॅटी स्कोन (तव्यावर भाजलेली बटाट्याची जाड भाकरी) दाबून खाल्ली आणि बंदुकांच्या दुकानात गेलो. मालक माल्कम साठीचा, मोजकं बोलणारा. रायफली पाहून रिया कुजबुजली, “हे सगळे सेमच दिसतात.”

दुकानामागच्या मैदानात फरक कळला. पहिली हलकी, चढणीला बरी, पण खांद्याला असा दणका की पुढच्या वेळी मी आधीच डोळे मिटले. दुसरी अक्रोडाच्या दस्त्याची, देखणी, पाहताक्षणी आवडली. नेमही बसला. मात्र पुढची गोळी भरायला बोल्ट, म्हणजे दाराच्या कडीसारखा दांडा, मागेपुढे सरकवावा लागतो, आणि तेवढ्यात दरवेळी माझं डोकं वर उठून नेम सुटत होता.

“डावा डोळा का मिटता?” माल्कमने विचारलं. मग भोक पाडलेला पुठ्ठा देऊन त्यातून निशाण पाहायला सांगितलं. मी तो नकळत डाव्या डोळ्याला लावला, म्हणजे नेम धरणारा माझा डोळा डावा.

“डावखुऱ्या आहात?”

“होते.”

लहानपणी सांगलीला डाव्या हाताने घास घेतला की आई चमचा मारायची. चौथीपर्यंत मी पुरती उजवी झाले.

माल्कमने आतून एका गिऱ्हाइकाची रायफल आणली. बोल्ट डावीकडे, दस्ता काळ्या प्लॅस्टिकचा, दिसायला कुरूप. डाव्या खांद्याला लावली. गोळी, बोल्ट, गोळी. गाल जागचा हलला नाही. कागदावर दोन्ही भोकं एकमेकांना चिकटलेली. मला त्या हाइंडची आठवण येऊन रडू आलं, आणि आईचा रागही आला.

“अशी मागवायला चार महिने लागतील. शिकारीचा हंगाम संपेल,” माल्कम म्हणाला. “अक्रोडाची आजच नेता येईल.”

“आई, घे ना ती ब्राउनवाला! तुला आवडला होता. एवढा ड्राइव्ह केला आपण!”

“डावीच मागवा,” मी म्हणाले.

रविवारी घरी पोचल्यावर फियोनाला फोन केला. यंदा गोळी झाडणार नाही, पण मारलेली हरणं डोंगराखाली ओढायला येईन, असं सांगितलं.

“अख्खा सीझन घालवतेस,” ती म्हणाली.

रायफल आणायला गेली आणि हात हलवत परत आली, असं रिया माझ्याबद्दल सगळ्यांना हसत सांगते. सांगू दे. उजव्या रायफलीने मी बहुतेक हरणं पहिल्याच गोळीत पाडीनही. त्या ‘बहुतेक’मध्ये न बसलेलं एक हरीण मी पाहिलं आहे.