डोळ्यांना लावलेलं नाव

आमच्या गल्लीतले शिंपी हमीदचाचा माझ्या ब्लाउजच्या कापडावर खडूने खुणा करत होते. तेवढ्यात दुपारची अजान सुरू झाली. तिच्यात पैगंबरांचं नाव आलं, तसा त्यांनी खडू खाली ठेवला, दोन्ही अंगठ्यांची नखं ओठांना लावली आणि मग मिटल्या डोळ्यांना. पापण्यांवर खडूची पांढरी पूड राहिली.

न राहवून मी विचारलं, "चाचा, त्यांचं चित्र नाही, तसबीर नाही. मग डोळ्यांपुढे येतं तरी काय?"

"काही नाही येत, पोरी. नाव ऐकलं की गलबलून येतं, एवढंच." मग खडू पुन्हा उचलत म्हणाले, "ते आईच्या पोटात असतानाच वडील गेले त्यांचे. बापाचा चेहरा त्यांनी तरी कुठं पाहिला होता?"

माझे बाबाही माझ्या जन्माआधीच गेले. घरी त्यांचा हार घातलेला फोटो आहे, पण तो मला कुणा परक्याचा वाटतो. त्याच्यासमोर मी कधी नीट उभी राहिलेच नाही.

आता दुपारची अजान झाली की मी डोळे मिटून मनात बाबांचं नाव घेते. चेहरा येत नाही. पण पापण्यांवर कुणीतरी हलकेच अंगठे टेकवतं, आणि मग डोळे उघडायचा धीर होत नाही.