काचेवरची यादी
हे मी आजवर कुणाला, बायकोलासुद्धा, सांगितलेलं नाही. काल शाळेच्या ग्रुपवर जो तो आपली आवडती दहा गाणी टाकायला लागला आणि मला ओतूरच्या एसटी स्टँडजवळचं कॅसेट भरून देणारं दुकान आठवलं. दहा गाण्यांची यादी दिली की दुकानदार ती कोऱ्या कॅसेटवर भरायचा, आणि बाजाराच्या दिवशी त्याला आवडलेली एक यादी नावासकट काचेवर चिकटवायचा. माझी कधीच लागली नाही. माझ्या वर्गातल्या मित्राची तीनदा लागली. शाळा सुटली की मेंढरांमागं फिरणारा तो, ऐकायला टेपही चुलत्याचा, आणि माझ्या घरी दोन स्पीकरचा डेक! लई जळायचो मी. एकदा मेंढरं सोडून येता येईना म्हणून त्यानं यादी माझ्याजवळ दिली. मी ती माझ्या अक्षरात उतरवली, खाली माझं नाव घातलं आणि त्याला सांगितलं, "दुकानदारानं तुझा कागद हरवला." पुढच्या बाजाराला आम्ही दोघं काचेपुढं उभे होतो. त्याच्या घोंगडीला मेंढरांचा ओलसर वास येत होता. त्यानं काचेवर बोट फिरवत दहाही गाणी वाचली, मग माझं नाव वाचलं. "लई भारी निवडलीस, राव," म्हणाला, आणि माझ्याकडं न बघता दुकानदाराला म्हणाला, "भाऊ, याच्या यादीची कॅसेट मला पण भरून द्या." त्यानंतर त्यानं त्या दुकानात कधी यादी दिली नाही. तो ग्रुपवर आहे, पण त्याची दहा गाणी अजून आलेली नाहीत. काचेवरची ती यादी त्याची होती, एवढं सगळ्यांदेखत सांगण्याचं त्याचं देणं माझ्यावर अजून आहे.