वन्स मोअरच्या वेळी बास

बाल्कनीतून "वन्स मोअर" आला आणि मी आधी सॅक्सोफोनकडे बघितलं.

एरवी याच दादेसाठी आम्ही जीव टाकतो. पण त्या संध्याकाळी दादरच्या हॉलमध्ये सॅक्सोफोनवर फ्रँकी अंकल होते. गिरगावातले, माझ्या वडिलांच्या वयाचे. छातीच्या ऑपरेशननंतर पहिल्यांदाच स्टेजवर आलेले, आणि गाण्यातला त्यांचा एकट्याचा सोलो एकदा वाजवूनच त्यांचा दम संपला होता. आमच्या ऑर्केस्ट्राचे कंडक्टर विजयदादा रिहर्सललाच बोलून गेले होते, की आज जमलं नाही तर पुढच्या शोपासून सॅक्सचं सगळं कीबोर्डवर घ्यायचं. कीबोर्डवर सॅक्सचा आवाज निघतो म्हणे. काय निघतो तो आम्हाला माहितीये.

मी बास वाजवते. चार तारांची, जाड आवाजाची गिटार. ती ऐकायला कोणी येत नाही, पण थांबली की गाणं लंगडतं.

जुन्या सिनेगीतांच्या कार्यक्रमात सोलो रेकॉर्डवर आहे तस्साच वाजवावा लागतो, सूर न् सूर. आपल्या प्रेक्षकांना तो तोंडपाठ असतो. जरा इकडचं तिकडे झालं की इंटरव्हलला विंगेत येऊन सुनावतात.

विजयदादांनी हात केला. अंकलनी सुरुवात केली आणि दुसऱ्याच ओळीत श्वास तुटला. माझी बोटं शिवशिवली. अशा वेळी वाटतं, चार सूर भरभर वाजवून खड्डा बुजवावा, माणसाची अब्रू वाचवावी. पण अंकलनी सॅक्स ओठांवरून काढला नव्हता. डोळे मिटून ते श्वास घेत होते. म्हणजे त्यांचं वाजवणं चालूच होतं, मग मी कोण मध्ये तोंड घालणार? मी नुसता खालचा सूर धरून ठेवला, लांब, जिथल्या तिथे. ड्रमरनेही माझ्याकडे बघून हात हलका केला.

आणि त्या रिकाम्या जागेत अख्खा हॉल गुणगुणला. राहिलेले सूर लोकांनी म्हटले, हळू, तोंड मिटून. अंकलनी पुढची ओळ घेतली, परत थांबले, परत लोक गुणगुणले. शेवटपर्यंत असंच चाललं. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. देवाशप्पथ सांगते, इतकी वर्षं स्टेजवर आहे, असं कधी ऐकलं नव्हतं. डोळे भरले, समोरचं दिसेना, पण सूर सोडला नाही.

पडदा पडल्यावर विजयदादा सरळ अंकलकडे गेले. म्हणाले, "शनिवारी ठाण्याला शो आहे. जरा लवकर या."

अंकलनी मान हलवली आणि माझ्याकडे वळले. "बाय, तू जागेवर होतीस, म्हणून मला थांबता आलं."

मी त्यांची सॅक्सची पेटी उचलून घेतली.

हल्ली नवीन बासवाले विचारतात, दुसऱ्याच्या सोलोमागे काय वाजवायचं? मी सांगते, कमी वाजवा, आणि तो थांबला तरी तुम्ही जागा सोडू नका. ते मान डोलावतात. मग विचारतात, पण मॅडम, आमचा सोलो कधी?